ट्रेसिंगचा (रिक्वेस्ट कुठून कुठे गेली त्याच्या नोंदी) रिसीव्हर, म्हणजे त्या नोंदी आत घेणारा भाग, सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा की लोकलहोस्टवर, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता? मला तर हा नवीन डीफॉल्ट डोक्याला ताप वाटतो

रात्रपाळीवाला
विषय असा की आमच्याकडे ऑर्डर, पेमेंट, स्टॉक वगैरे बाराएक सर्व्हिसेस आहेत, सगळ्यांचे ट्रेसेस ओपनटेलिमेट्री कलेक्टरकडे (ट्रेसेस गोळा करून पुढे पाठवणारा प्रोग्राम) येतात आणि तिथून जेगरला (ट्रेसेस साठवून दाखवणारं टूल) जातात. डॉकर कंपोजवर (एकाच मशीनवर बरेच कंटेनर चालवायची सोय) चालतं सगळं, आणि त्या कॉन्फिग फाईलकडे कित्येक महिने कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. परवा रात्री कलेक्टर ०.९६ वरून वर घेतला आणि ट्रेसेस बंद. एकही नाही. कलेक्टरचा लॉग अगदी खुशीत, 'एव्हरीथिंग इज रेडी' म्हणतोय, आणि इकडे ॲप्सच्या लॉगमध्ये 'कनेक्शन रिफ्यूज्ड'चा पाऊस. कंटेनरमध्ये शिरून बघावं तर त्या इमेजमध्ये शेलच नाही. शेवटी त्याच्या नेटवर्कला दुसरा कंटेनर चिकटवून 'एसएस' (कोण कुठल्या पत्त्यावर ऐकतंय ते दाखवणारी कमांड) मारलं तेव्हा दिसलं, १२७.०.०.१:४३१७ (लोकलहोस्टच). म्हणजे महाशय दार लावून आत स्वतःशीच बोलत बसलेत! रात्रीचे अडीच वाजले होते.

मग कळलं की ०.१०४ पासून (२०२४ मधली गोष्ट) डीफॉल्ट ०.०.०.० (मशीनचे सगळे नेटवर्क इंटरफेस) वरून लोकलहोस्ट केलाय. आमच्या फाईलमध्ये प्रोटोकॉल्सखाली नुसतं जीआरपीसी आणि एचटीटीपी (ट्रेसेस पाठवायचे दोन मार्ग, पोर्ट ४३१७ आणि ४३१८) लिहिलेलं, एंडपॉइंट (ऐकायचा पत्ता) कोणी लिहिलाच नव्हता. रिलीज नोट्स वाचल्या नाहीत ही माझी चूक, मान्य. पण मला सांगा, ज्याचं नावच रिसीव्हर आहे त्याने दुसऱ्याकडून घ्यायचंच नाही हा कुठला डीफॉल्ट? कंटेनरच्या आतल्या लोकलहोस्टवर बोलायला येणार कोण?

कोथिंबीर_जुडी
असहमत, आणि जरा जोरातच. ओटीएलपी (ओपनटेलिमेट्रीचा प्रोटोकॉल) रिसीव्हरला तुम्ही स्वतःहून काही लावलं नाही तर टीएलएस (वाटेतलं एन्क्रिप्शन) नसतं, ऑथ (ओळख तपासणं) पण नसतं. जो येईल त्याचं घेतो. असली गोष्ट मशीनच्या प्रत्येक नेटवर्क इंटरफेसवर आपोआप उघडी असणं हेच मुळात चुकीचं होतं, उशिरा का होईना सुधारलं.

माझा किस्सा ऐका. जुन्या प्रोजेक्टवर क्लाऊडमधल्या एका मशीनवर डॉकरने ४३१८ पब्लिश केलेला (बाहेरून येता यावं म्हणून मशीनवर उघडलेला), वरती यूएफडब्ल्यू (फायरवॉल) लावलेला म्हणून सगळे निर्धास्त. पण डॉकर स्वतःचे आयपीटेबल्स (लिनक्सचं पॅकेट फिल्टर) नियम घालतो, यूएफडब्ल्यूला विचारतसुद्धा नाही. एक दिवस जेगरच्या सर्व्हिसेसच्या यादीत एक अनोळखी नाव दिसायला लागलं. हॅकर बिकर कोणी नव्हता, शेजारच्या टीमने आमची फाईल कॉपी करून त्यांचा लोड टेस्ट आमच्याच पत्त्यावर सोडला होता 😅 संध्याकाळपर्यंत डिस्क भरली आणि आमचे खरे ट्रेस त्या कचऱ्यात शोधत बसलो. आता सांगा, लोकलहोस्ट असता तर तुमची एक रात्र गेली असती, आमचा आठवडा गेला.

पोर्टोबा
रात्रपाळीवाल्याला माझं पूर्ण अनुमोदन. ताई, तुमचा किस्सा डॉकरच्या पब्लिशचा आहे, रिसीव्हरचा नाही. रिसीव्हर कंटेनरच्या आत ०.०.०.० वर असला म्हणून लगेच जगाला उघडा होत नाही, पोर्ट पब्लिश तुम्ही केलात. आणि मुळात रिसीव्हर फक्त आत घेतो, बाहेर काही देत नाही, मग चोरीला जाणार काय? कुबरनेटीसच्या (बऱ्याच मशीन्सवर कंटेनर चालवायची व्यवस्था) क्लस्टरमध्ये असाल तर नेटवर्क पॉलिसी लावा, ह्या नेमस्पेसमधूनच (क्लस्टरमधला विभाग) ये म्हणावं, काम खल्लास. लोक आता एमटीएलएसच्या (दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट दाखवायचं टीएलएस) मागे लागलेत, क्लायंट सीए काय, प्रत्येक पॉडला (कुबरनेटीसमधला कंटेनरचा गट) सर्टिफिकेट काय, मग एक दिवस ते सर्टिफिकेट एक्स्पायर होतं आणि नेमकं ज्या दिवशी पेमेंट लटकलंय त्याच दिवशी ट्रेस नसतात. आमच्याकडे झालंय हे.

कोथिंबीर_जुडी
@पोर्टोबा नेटवर्क पॉलिसी लावून झोपू नका हो, आधी ती पाळणारा कोणी आहे का बघा. नुसतं फ्लॅनेल (क्लस्टरचं नेटवर्क जोडणारं प्लगइन) असेल तर तुमचं यामल (पॉलिसीची फाईल) एपीआय सर्व्हर मुकाट स्वीकारतो आणि अंमलबजावणी शून्य. आणि चोरीला काय जाणार म्हणता? वाटेत टीएलएस नसेल तर जे ट्रेसमध्ये आहे ते सगळं. तुमच्या स्पॅनच्या (ट्रेसमधला एक टप्पा) ॲट्रिब्यूट्समध्ये पूर्ण यूआरएल असतात ना? त्यात ग्राहकाचा मोबाईल नंबर क्वेरीमध्ये गेलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय. चोरी सोडा, कोणी नुसता भडिमार केला तरी कलेक्टरची मेमरी संपते. मेमरी लिमिटर लावलाय का तुम्ही? आणि लावला असेल तर पाईपलाईनमध्ये पहिला आहे का? बॅचच्या (ट्रेसेस गठ्ठ्याने पुढे पाठवणारा टप्पा) नंतर टाकलेला बघितलाय मी, म्हणजे वाड्याला कुलूप मागच्या दाराला.

गावठी_गोफर
दोघंही टोकाला चाललात. लोकलहोस्ट आणि ०.०.०.० ह्यांच्या मधलं पण काहीतरी असतं. कुबरनेटीसमध्ये आम्ही एंडपॉइंटला पॉडचा आयपी देतो, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, अधिकृत हेल्म चार्टमध्ये (कुबरनेटीसवर इन्स्टॉल करायचं तयार पॅकेज) पण तसंच आहे. एकच इंटरफेस, ०.०.०.० वापरल्यावर लॉगमध्ये येणाऱ्या वॉर्निंगची पण कटकट नाही.

फक्त एक गंमत लक्षात ठेवा, मला अर्धा दिवस लागला होता कळायला. असं केलं की पोर्ट फॉरवर्ड (लॅपटॉपवरून थेट पॉडच्या पोर्टला जोडणं) चालत नाही, कारण तो पॉडच्या आतल्या लोकलहोस्टला जाऊन धडकतो आणि तिथे आता कोणीच ऐकत नसतं. तुम्ही लॅपटॉपवरून टेस्ट करणार, रिफ्यूज्ड येणार, आणि तुम्ही समजणार कलेक्टर मेला. तो जिवंत असतो.

अटकेपार
विषय थोडा वळवतो, माफ करा, पण तुमची अर्धी भांडणं जीआरपीसीच्या नादामुळे आहेत. ४३१७ सोडा आणि ४३१८ वर साधं एचटीटीपी वापरा. कर्लने (कमांडवरून रिक्वेस्ट पाठवणारं टूल) एक रिकामं जेसन '/व्ही१/ट्रेसेस'ला पोस्ट करा, 'पार्शल सक्सेस' असं उत्तर आलं की रिसीव्हर ऐकतोय, विषय संपला. जीआरपीसीला असं हातावर टिचकी मारून बघता येतं का? शिवाय जीआरपीसीचं कनेक्शन एकदा जुळलं की जुळलं, तीन कलेक्टर पॉड उभे केले तरी सगळा लोड एकाच्या बोकांडी आणि बाकीचे दोन माश्या मारतात, कारण कुबरनेटीसची सर्व्हिस कनेक्शन वाटते, रिक्वेस्ट नाही.

गावठी_गोफर
@अटकेपार त्याला औषध आहे की, रिसीव्हरच्या कीपअलाईव्हमध्ये मॅक्स कनेक्शन एज द्या, ठरावीक वेळाने कनेक्शन तुटतं आणि परत जोडताना दुसऱ्या पॉडवर जायची संधी मिळते. एवढ्यासाठी जीआरपीसीला वाळीत टाकायचं? बाकी ब्राउझरमधून ट्रेस घेणार असाल तर एचटीटीपीच, तिथे पर्यायच नाही, वरून रिसीव्हरला कॉर्सचे ओरिजिन (कुठल्या साइट्सवरून घ्यायचं ती यादी) द्यावे लागतात. तिथे स्टार (म्हणजे कोणीही या) लावून मोकळे होऊ नका एवढीच विनंती.

नवखा_४३१८
दादा लोकांनो चर्चा चालू आहे तर विचारून घेतो, मी एचटीटीपीवर टाकतोय आणि ४०४ येतोय, लोकलहोस्टचा प्रॉब्लेम आहे का हा??

गावठी_गोफर
@नवखा_४३१८ नाही रे, ४०४ आला म्हणजे रिसीव्हरपर्यंत पोचलास की, दार उघडलंय पण खोली चुकली. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कुठलं दिलंयस ते बघ. सगळ्यांसाठीचं जे एंडपॉइंटचं व्हेरिएबल आहे त्याला एसडीके (ॲपमधली ओपनटेलिमेट्रीची लायब्ररी) स्वतःहून '/व्ही१/ट्रेसेस' जोडतं, पण फक्त ट्रेसेसचं वेगळं व्हेरिएबल दिलंस तर ते जसंच्या तसं वापरतं, तिथे पूर्ण पाथ तुलाच लिहावा लागतो.

नवखा_४३१८
तेच होतं 🙏🙏 दोन दिवस फायरवॉलवाल्यांशी भांडत होतो

पोर्टोबा
हे बघा, ह्या पोराचे दोन दिवस, रात्रपाळीवाल्याची एक रात्र. असल्या बारीक बारीक गोष्टींत माणूस अडकतो म्हणून मी म्हणतो डीफॉल्ट असा हवा की फाईल टाकली आणि चाललं. सुरक्षा ज्याला पाहिजे तो लावेल.

कोथिंबीर_जुडी
'ज्याला पाहिजे तो लावेल' म्हणजे कोणीही लावत नाही, हे तुम्हालाही माहितीये. चाललं नाही तर माणूस त्याच रात्री दुरुस्त करतो. उघडं राहिलं तर कोणाला कळत पण नाही. आणि बदल काही चोरून केला नव्हता हो, त्याआधी कितीतरी व्हर्जन्स लॉगमध्ये वॉर्निंग यायची की ०.०.०.० वापरताय, प्रत्येक इंटरफेसवर उघडं होतंय, सेवा बंद पाडणारे हल्ले होऊ शकतात.

रात्रपाळीवाला
अपडेट देतो. एंडपॉइंट स्पष्ट लिहिला, ०.०.०.०:४३१७ आणि ४३१८, कारण कंपोजमध्ये मला दुसरं सोयीचं काही दिसलं नाही. मग ताईंचा किस्सा वाचून कंपोजची फाईल परत उघडली तर त्यात दोन्ही पोर्ट होस्टवर पब्लिश केलेले होते! गरज काहीच नव्हती, ॲप्स त्याच कंपोजच्या नेटवर्कमध्ये आहेत, कलेक्टरला नावाने हाक मारतात. कोणी कधी टाकल्या त्या ओळी, गिट ब्लेम (ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड) लावलं तर मीच. काढल्या. ट्रेसेस नीट येतायत.

आणि हो, ०.९६ चे जुने लॉग काढून बघितले. ती वॉर्निंग आहे, दर रीस्टार्टला, बरोबर दोन वेळा, एक ४३१७ साठी आणि एक ४३१८ साठी. आमचा लॉग फिल्टर फक्त एरर दाखवतो.

तरीपण डीफॉल्टबद्दल माझं मत तेच आहे. एंडपॉइंट लिहिला नसेल तर गुपचूप लोकलहोस्ट धरण्यापेक्षा सुरूच होऊ नये कलेक्टरने, सरळ सांगावं पत्ता दे म्हणून. 'एव्हरीथिंग इज रेडी' कशाला म्हणायचं मग?

कोथिंबीर_जुडी
हे मात्र पटलं. ह्याचा इश्यू टाका, मी अंगठा देते 👍