टेक्सास प्रायमरी: हिलरी, ओबामा की सरळ मॅकेन? तुमचं मत काय

शुगरलँडकर (२२ फेब्रुवारी २००८)

मंडळी, गेल्या वर्षी सिटीझन झालो आणि आता ४ मार्चला प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, पहिल्यांदाच इथे व्होट करणार (डेमोक्रॅटांकडून हिलरी आणि ओबामा, रिपब्लिकनांकडून मॅकेन). अर्ली व्होटिंग (आधीच मत देऊन टाकायची सोय) मंगळवारपासून सुरू झालंय, म्हणजे मनात आलं तर उद्यासुद्धा जाऊन बटण दाबून येता येईल, पण दाबायचं कुणाचं तेच ठरत नाहीये. काल रात्री ऑस्टिनची डिबेट पूर्ण बघितली. बायको ठाम हिलरीवाली आहे. मी नोव्हेंबरपर्यंत हिलरीच म्हणत होतो, मग आयोवा राज्यात पहिल्याच फेरीत ओबामा जिंकला आणि माझं मन तळ्यात मळ्यात. मंगळवारी रात्री डाउनटाउनला टोयोटा सेंटरमधे ओबामाची सभा होती, ऑफिसातला एक मित्र ओढून घेऊन गेला. खरं सांगतो, इतकी गर्दी आणि इतका जोश मी फक्त लहानपणी शिवाजी पार्कला बघितलाय. पण शिवाजी पार्कच्या सभा ऐकून घरी आल्यावर वडील नेहमी एकच विचारायचे, भाषण झकास, पण करणार काय ते सांगितलं का? तोच प्रश्न मला आता पडलाय.

दोघांच्या वेबसाइटी वाचल्या, धोरणात फरक शोधायला अक्षरशः भिंग लागतं. मग माणूस बघून मत द्यायचं का? आणि टेक्सासमधे पार्टी रजिस्ट्रेशन नसल्यामुळे मी रिपब्लिकन बॅलट (मतपत्रिका) सुद्धा मागू शकतो, तो विचारही अधूनमधून येतो. तुम्ही कुणाला दिलंत किंवा देणार आणि का, ते सांगा. भांडू नका एवढीच विनंती (अर्थात इथे ती कोण ऐकतं म्हणा).

एडिसनची_आजी

मी ५ तारखेला न्यू जर्सीत हिलरीला दिलं आणि अजिबात पश्चात्ताप नाही. भिंग लागतं म्हणता, पण एका बाबतीत लागत नाही हो, हेल्थ इन्शुरन्स. हिलरीचा प्लॅन म्हणतो प्रत्येकाने इन्शुरन्स घेतलाच पाहिजे, परवडत नसेल त्याला सरकार मदत करेल. ओबामाचा म्हणतो सक्ती फक्त मुलांसाठी, मोठ्यांनी आपलं आपण बघावं, स्वस्त केलं की लोक आपोआप घेतील. घेतील कसले! तिशीतली धडधाकट पोरं आजारी पडेपर्यंत घेत नाहीत, आणि मग त्यांचा खर्च तुमच्या आमच्या प्रीमियममधे येतो. मी या देशात बरीच वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंगमधे काम केलंय, त्यामुळे हे मला कुणी टीव्हीवर बसून समजावायची गरज नाही. बरं, ही बाई १९९३ साली याच विषयात हात घालून पोळलीये, पुढच्या वर्षी सगळा प्लॅन काँग्रेसमधे गाडला गेला, तरी परत तोच विषय घेऊन उभी राहिली. मला तरी चिकाटी यालाच म्हणतात असं वाटतं, तुम्ही तिला हटवादी म्हणा हवं तर.

आणि न्यू हॅम्पशरला कॉफी शॉपमधे तिचा आवाज जरा दाटून आला तर काय गहजब! रडली म्हणे. पुरुष नेता गहिवरला की त्याचं मन मोठं, बाई गहिवरली की नाटक. दुसऱ्या दिवशी सगळे पोल तोंडावर आपटले आणि ती जिंकली. तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा.

पावसाळी_सिएटल

आजी, आदर आहे पण मी ओबामावाला. आमच्याकडे ९ तारखेला कॉकस झालं (प्रायमरीऐवजी एकत्र जमून उमेदवार निवडायची सभा), एका शाळेच्या जिममधे, पार्किंगला जागा नाही, आत उभं राहायला जागा नाही, आयोजकांचे फॉर्मच संपले. नावापुढे उमेदवार लिहून सही करायची, मग आपापल्या पसंतीचे लोक एकत्र येऊन बोलतात, ज्यांचं नक्की नाही त्यांना ओढायचा प्रयत्न करतात, मत बदलायचं तर बदलता येतं. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले मी पूर्वी अशा ठिकाणी आलो तेव्हा टेबलाभोवती मावतील इतकीच माणसं असायची. राज्यात ओबामाला दोन तृतीयांशाहून जास्त मिळालं.

माझं कारण एकच, इराक. ऑक्टोबर २००२ मधे हिलरीने सिनेटमधे बुशला युद्धाचा अधिकार देणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. त्याच महिन्यात ओबामा शिकागोत युद्धाच्या विरोधात उघड सभेत बोलत होता, तेव्हा तो नुसता इलिनॉयच्या स्टेट सिनेटमधे होता आणि यूएस सिनेटची निवडणूक लढवायचं डोक्यात होतं, म्हणजे गप्प बसणं जास्त सोयीचं होतं. आता लोक म्हणतील की त्याला मत द्यावं लागलं नाही म्हणून तो सुटला. ठीक आहे, पण हिलरी गेलं वर्षभर त्या मताबद्दल जे गोल गोल बोलतेय ते बघा. तिच्यासारखंच मत दिलेल्या एडवर्ड्सने (तोही या वेळी उमेदवार होता) सरळ सांगितलं माझं चुकलं, विषय संपला. हिला ते दोन शब्द जड का जातात?

आणि कालच्या डिबेटमधला तो झेरॉक्सचा डायलॉग, ओबामाने मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची वाक्यं उचलली म्हणून मारलेला टोमणा. आधीच लिहून आणलेला वाटत होता आणि लोकांनी हुर्यो केली. उलट शेवटी ती जे मनापासून बोलली, की ओबामाबरोबर इथे बसणं हा माझा सन्मान आहे, ते ऐकून मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. ही बाई रोज अशी का बोलत नाही?

प्लेनोचा_दुकानदार

शुगरलँडकर, भाषणांवर जाऊ नका. मी मॅकेनला देणार, लाज नाही. साडेपाच वर्षं व्हिएतनाममधे कैदेत काढली, लवकर सुटायची संधी आली तेव्हा आपल्या आधी पकडलेल्यांना सोडा म्हणाला. अशा माणसाला कुणी कणा आहे का विचारायची गरज नाही. शिवाय छोटा धंदा चालवणाऱ्याला टॅक्स किती लागतो ते डेमोक्रॅट लोकांना कधी कळणार नाही. बाकीच्या रिपब्लिकन उमेदवारांपैकी हकाबी अजून का पळतोय ते देवच जाणे (त्याचा देवावर भरवसा आहेच म्हणा), रॉम्नी ७ तारखेला गेला, आणि जुलियानीने तर कमालच केली, आयोवा, न्यू हॅम्पशर सगळं सोडून फ्लोरिडात जाऊन बसला आणि तिथे तिसरा आला. न्यूयॉर्कचा एवढा गाजलेला मेयर.

माझ्या ओळखीचे दोघेतिघे रिपब्लिकन मात्र या वेळी डेमोक्रॅट बॅलट मागणार आहेत, आमच्याकडचा निकाल लागल्यासारखाच आहे तर तिकडची मजा बघू म्हणून. मला ते पटत नाही.

पावसाळी_सिएटल

दुकानदार, कणा मान्य. पण बुशच्या २००१ आणि २००३ च्या टॅक्स कपातीला याच मॅकेनने विरोधी मत दिलं होतं आणि आता त्याच कायम करा म्हणतोय. इमिग्रेशनचं बिल सिनेटर टेड केनेडीबरोबर स्वतः आणलं, आणि गेल्या महिन्यात रेगन लायब्ररीतल्या डिबेटमधे म्हणाला की ते आज परत आलं तर मीच मत देणार नाही. प्रायमरी जिंकायची तर असं वाकावं लागतं हे समजतं, पण मग फक्त हिलरीलाच संधिसाधू का म्हणायचं? आणि इराकमधे शंभर वर्षं राहिलो तरी चालेल म्हणाला ते वेगळंच.

प्लेनोचा_दुकानदार

शंभर वर्षं युद्ध करू असं तो म्हणालेला नाही. कोरिया, जपानमधे जसं सैन्य शांतपणे आहे तसं, असं म्हणाला. अर्धं वाक्य कापून फिरवताय.

रांगेत_उभा

मला मतच नाही, एच-वन (नोकरीच्या व्हिसा) वर आहे, ग्रीनकार्डच्या रांगेत. टॅक्स भरतो, सोशल सिक्युरिटी भरतो, आणि टीव्हीसमोर बसून ओरडतो. गेल्या वर्षी जुलैत ते व्हिसा बुलेटिनचं (ग्रीनकार्डचा अर्ज कुणी कधी करायचा ते सांगणारं सरकारी पत्रक) नाटक झालं, आधी म्हणाले सगळ्यांनी अर्ज करा, लोकांनी मेडिकल केली, वकिलांना पैसे दिले, आणि ऐन वेळी म्हणाले बंद. तेव्हा आपल्या लोकांनी इमिग्रेशनच्या डायरेक्टरला शेकडो फुलांचे गुच्छ पाठवून गांधीगिरी केली होती आठवतं? मग कुठे निर्णय फिरवला. तेव्हापासून मी सगळ्या उमेदवारांना एकाच तराजूत घालतो, की कायदेशीर आलेल्यांबद्दल कोण काय बोलतो. आणि उत्तर असं की कुणीच बोलत नाही! डिबेटमधे इमिग्रेशन म्हटलं की बॉर्डर, कुंपण आणि विनापरवाना आलेले लोक, बास. एच-वनचा कोटा गेल्या एप्रिलमधे पहिल्याच दिवशी संपला, त्यावर एक प्रश्न नाही.

ज्यांना मत आहे त्यांनी निदान या मुद्द्यावर कॅम्पेनवाल्यांना फोन करून पिडा. फुकट आहे.

पुण्याहून

आम्ही इथून मजा बघतोय. आमच्याकडे चॅनेलवाले ओबामा ओबामा करतायत, पण एक किस्सा ते सांगत नाहीत. गेल्या जूनमधे ओबामाच्या कॅम्पेनने पत्रकारांना एक कागद वाटला, त्यात हिलरीच्या नावापुढे राज्य म्हणून न्यूयॉर्कच्या ऐवजी पंजाब लिहिलेलं! म्हणजे ही बाई भारतीयांची, नोकऱ्या तिकडे पाठवणाऱ्यांची. टाटांच्या टीसीएसचं ऑफिस तिने बफेलोत आणायला मदत केली ते सुद्धा तिचं पाप म्हणून त्यात मोजलेलं. कागद बाहेर फुटल्यावर ओबामाने माफी मागितली, माझ्या लोकांनी मूर्खपणा केला म्हणाला. आणि भाषणात अजूनही असतंच, नोकऱ्या बाहेर पाठवणाऱ्या कंपन्यांच्या टॅक्स सवलती बंद करणार. हिंजवडीत बसून हे ऐकायला जरा वेगळं लागतं. अणुकराराच्या वेळी २००६ मधे त्याने दुरुस्ती घातली, की भारताला इंधनाचा साठा गरजेपुरताच मिळावा. शेवटी मत बाजूने दिलं, हिलरीनेही दिलं, मॅकेननेही दिलं. आपल्यासाठी तिघांत मोठा फरक नाही हो, सरकार आलं की सगळे सारखेच.

बाकी घराणेशाही म्हणून आम्हाला नावं ठेवता ना? १९८९ पासून बुश, क्लिंटन, बुश, आणि आता परत क्लिंटन. आमच्याकडची घराणी निदान एका वेळी एकच पार्टी चालवतात, तुम्ही तर दोन घराण्यांत दोन्ही पार्ट्या वाटून घेतल्यात.

एडिसनची_आजी

पुणेकर, टोमणा झकास, पण नवऱ्याच्या नावामुळे बाईची स्वतःची लायकी शून्य होते का? दोनदा सिनेटवर निवडून आली, न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी. नवरा मात्र या वेळी गप्प बसला असता तर फार बरं झालं असतं, साउथ कॅरोलिनात जेसी जॅक्सनचं (पूर्वी उभा राहिलेला कृष्णवर्णीय नेता) नाव काढून त्याने जो घोळ घातला त्याने तिचंच नुकसान झालं. ओबामा तिथे ५५ टक्के मतं घेऊन जिंकला, ते जिंकणं सुद्धा नवऱ्याला सहज मान्य करता येईना. हे मी हिलरीवाली असूनही म्हणतेय.

अजून एक. आपल्याच लोकांच्या ग्रुपवर ती ई-मेल फिरतेय ना, ओबामा मुसलमान आहे, कुराणावर हात ठेवून शपथ घेतली वगैरे, ती कृपा करून पुढे ढकलू नका. कुराणावर शपथ घेतली ती मिनेसोटाचा खासदार कीथ एलिसन याने, हा माणूस शिकागोत चर्चला जातो. आणि मुसलमान असता तरी काय? मला त्याचा हेल्थ प्लॅन आवडत नाही, बाप कुठून आला याच्याशी मला देणंघेणं नाही.

शुगरलँडकर

आजी, बायकोने तुमची पोस्ट मला मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा. टीसीएसचं मला माहीत नव्हतं. पण कुणी मला हे सांगा, टेक्सासमधे म्हणे दोनदा मत देता येतं, दिवसा प्रायमरी आणि रात्री कॉकस? हे खरं आहे की कुणी फिरकी घेतंय?

ऑस्टिनचा_पंत

खरं आहे, आणि बिल क्लिंटन परवा ब्यूमाँटला जाहीर म्हणाला की टेक्सास आणि ओहायो जिंकलं नाही तर हिलरीचं अवघड आहे, त्यामुळे नियम समजून घ्या. डेमोक्रॅटांचे १२६ डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) प्रायमरीच्या मतांवर आणि ६७ रात्रीच्या कॉकसवर ठरणार. तुम्ही डेमोक्रॅट बॅलटवर मत दिलेलं असेल, अर्ली असो वा ४ तारखेला, तरच रात्री आत घेतील. मतदान सात वाजता बंद होतं, सव्वासातला कॉकस सुरू, पण लाइनमधला शेवटचा माणूस मत देईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून पोटात काहीतरी घालून जा. अर्ली व्होटिंग आपल्या काउंटीत कुठेही करा, कॉकसला मात्र स्वतःच्या प्रिसिंक्टलाच (मतदान विभागातच) जायचं. मत दिल्याचा शिक्का असलेलं रजिस्ट्रेशन कार्ड बरोबर ठेवा, वाद नको.

आता गंमत अशी की ते १२६ डेलिगेट राज्याच्या ३१ सिनेट डिस्ट्रिक्टमधे वाटलेत, आणि सारखे नाहीत. मागच्या दोन निवडणुकांत जिथे डेमोक्रॅटांना जास्त मतं पडली तिथे जास्त. म्हणून आमच्या ऑस्टिनला ८, आणि सीमेजवळ जिथे हिलरीचा जोर आहे तिथे तीन किंवा चार. चार डेलिगेटच्या डिस्ट्रिक्टमधे ती ६०-४० जिंकली तरी वाटणी दोन-दोनच होते! म्हणजे राज्यभर मतं तिला जास्त आणि डेलिगेट त्याला जास्त, असं अगदी होऊ शकतं. नेवाडात झालंच की, मतं तिला, डेलिगेट त्याला एक जास्त.

आणि दुकानदारांच्या त्या मित्रांना सांगा, एका वर्षात एकाच पार्टीच्या प्रायमरीत भाग घेता येतो. डेमोक्रॅट बॅलट घेतलं की बाकीच्या जागांसाठीही तेच, लोकल रिपब्लिकन जज, शेरीफ वगैरे निवडायचं मग विसरा.

माझं स्वतःचं मत ओबामा. कारण विचाराल तर भाषण नाही, कॅम्पेन. वर्षापूर्वी हिलरीकडे पैसा, नाव, माणसं सगळं होतं, आणि तिच्या लोकांनी ५ फेब्रुवारीला, एकाच दिवशी बऱ्याच राज्यांत मतदान झालं तेव्हाच, खेळ संपणार असं धरलं. त्यापुढच्या राज्यांत धड ऑफिसं नव्हती. याने कॉकसवाली छोटी छोटी राज्यं धरली आणि सलग दहा ठिकाणी जिंकला. जो माणूस स्वतःचं कॅम्पेन नीट चालवतो तो सरकार चालवेल का याचा मला तेवढा एकच पुरावा मिळतोय.

एडिसनची_आजी

पंत, तुमच्या न्यायाने २००० साली बुशचं कॅम्पेन सुद्धा उत्तमच होतं.

ऑस्टिनचा_पंत

निरुत्तर 🙂 पण मत तेच.

शुगरलँडकर

पंत, धन्यवाद, प्रिंट काढली. बायको उद्या सकाळी लायब्ररीत जाऊन हिलरीला देऊन येतेय. मी ओहायोच्या डिबेटपर्यंत थांबतो, मंगळवारी क्लीव्हलँडला आहे. तिथे कुणीतरी हेल्थ इन्शुरन्सच्या सक्तीवर ओबामाला नीट धरावं, आजींचा प्रश्न त्याने अजून तरी टोलवलाच आहे. कॉकसला दोघंही जाणार, आणि पोरीला बेबीसिटर मिळाला नाही तर तीही येईल.