मदत हवी आहे: सौरवाऱ्याच्या (सूर्याकडून सतत वाहणाऱ्या प्रभारित कणांच्या) चुंबकीय क्षेत्रातलं हे टोक धुळीमुळे आलंय का?

झरोका: चुंबकीय क्षेत्र ५-६ नॅनोटेस्लावर शांत असतं. मग हळूहळू चढत १३ पर्यंत जातं, तिथे टोकदार शिखर आणि पुन्हा तसंच खाली. सगळा प्रकार दीडेक तासाचा. दोन फायलींत हाच आकार आहे, पण एकीत शिखर तासभर आधी येतं. धुळीचा ढग एका यानावरून दुसऱ्याकडे गेला असं धरू का? उद्या गटात दाखवायचंय, लवकर सांगा.

दिगंत: कोणतं यान? कोणत्या दोन फायली? घनता, वेग, प्रोटॉनचं तापमान यांचं काय? नुसत्या क्षेत्राच्या आकड्यावरून कुणी काहीही सांगेल.

झरोका: विंडच, आणखी कोणतं. दुसरी फाइल ओम्नीची, एक मिनिटाची. शिखरापाशी क्षेत्राच्या वाय-घटकाचं चिन्ह झटक्यात उलटतं, म्हणजे त्या अक्षावर क्षेत्राची दिशा पलटते. वेग ४००च्या आसपास, घनतेत फारसा फरक नाही.

मेघना_प्र: तासाचं कोडं तर इथेच सुटलं. ओम्नी हे वेगळं यान नाही. विंड, एस अशा एल-१ (पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवरचा बिंदू) जवळच्या यानांची मापं पृथ्वीच्या धनुष्याघातापर्यंत (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापुढे सौरवारा अडतो ती सीमा) वेळेत पुढे सरकवून त्या फाइलमध्ये भरतात. १५ लाख किमीला सेकंदाला ४०० किमीने भागा, तासाच्या थोडं वर येतं. तुमच्याकडे एकाच यानाची एकच घटना आहे.

तरंगरंग: वेव्हलेट (मापांतली आवर्तनं शोधायची गणिती पद्धत) लावा. मी नेहमी आधी वेव्हलेटच लावतो, सगळं स्पष्ट दिसतं.

दिगंत: एकदाच येऊन गेलेल्या शिखराला वेव्हलेट लावून काय मिळणार? इथे आवर्तन आहेच कुठे?

तरंगरंग: लावून तर बघा, मग बोला.

कालिंदी: मला हे धुळीचंच वाटतं. शुक्राभोवती फिरणाऱ्या पायोनियर व्हीनस ऑर्बिटर यानाला १९८२ मध्ये असंच ठळक शिखर दिसलं. पुढे अशा घटना ओल्जातो या लघुग्रहाच्या कक्षेशी जोडल्या गेल्या. त्या कक्षेतले दगड एकमेकांवर आदळून बारीक धूळ होते, अतिनील किरणांनी तिच्यावर प्रभार येतो, सौरवाऱ्यातलं क्षेत्र तिला अडून दाटतं आणि त्या चुंबकीय दाबाने धूळ सूर्यापासून दूर रेटली जाते. शिखर टोकदार आणि मधोमध विद्युतप्रवाहाचा पातळ पडदा, ही त्याचीच खूण.

दिगंत: तीच खूण दोन चुंबकीय नलिका (बलरेषांच्या जुड्या) एकमेकींत अडकल्या तरी दिसते. सूर्याजवळ जाणाऱ्या पार्कर सोलर प्रोब यानाच्या मापांत अशी उदाहरणं सापडली आहेत: मधोमध पडदा, तिथे पुनर्जोडणी (बलरेषा तुटून नव्याने जुळणं) आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या मुळाचा प्लाझ्मा (प्रभारित कणांचा वायू). धुळीची गरजच पडत नाही. शिवाय मायक्रॉनभर कणावर वस्तुमानाच्या मानाने प्रभार इतका कमी असतो, की सौरवारा त्याला सहज ओढून नेऊ शकत नाही. तुम्हाला नॅनोमीटरची धूळ लागेल.

कालिंदी: नॅनोमीटरचीच म्हणतेय मी! टक्करीत तीही तयार होते.

नभांगण: धुळीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, झोडियाकल लाइट टिपायचा असेल तर चंद्र नसलेली रात्र निवडा आणि रुंद भिंग वापरा. याच आंतरग्रहीय धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश असतो तो.

मेघना_प्र: नभांगण, त्याचा वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. झरोका, उद्यासाठी एवढंच करा: शिखराच्या दोन्ही बाजूंना सूर्याकडून येणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा पिच-कोन (त्यांची दिशा आणि क्षेत्राची दिशा यांतला कोन) काढा. तो पडद्यापाशी बदलत असेल तर नलिकांचा मुद्दा भक्कम होतो. पडद्यावर पुनर्जोडणीतून सुटणारा प्लाझ्माचा झोत दिसतो का तेही बघा.

झरोका: काढला. अलीकडे ० अंशाजवळ, पलीकडे १८०. झोत आहे की नाही ते ९० सेकंदांच्या मापांत कळत नाही. मग धूळ बाद?

दिगंत: माझ्या लेखी बाद.

कालिंदी: इतक्यात नको. विंडच्या अँटेनांवर आदळलेल्या धुळीची यादी तयार आहे, नासाच्या सीडीएवेब या माहितीसाठ्यावर मिळते. ती वेळ तपासा.

मेघना_प्र: तपासा जरूर, पण ती यादी मायक्रॉनच्या आसपासच्या कणांची आहे. तिथे काही सापडलं नाही म्हणून नॅनोधूळ नव्हती असं ठरत नाही. उद्या पिच-कोनाचा आलेख शिखराच्या आलेखाखाली लावा, वेळेचा अक्ष एकच ठेवा आणि ओम्नीची फाइल दाखवूच नका.