पूरग्रस्तांच्या कर्जाचे कागद: पावसाळ्याआधी आगोटीतच तयार ठेवायचे, की ही जबाबदारी सरकारची?

बाजारपेठ_चिपळूण

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा आमचं हार्डवेअरचं दुकान छतापर्यंत बुडालं. २००५ च्या पुराची खूण आमच्या खांबावर होती. वडिलांनी त्या खुणेच्या दोन हात वर फळी मारून कागदांची पेटी तिथे ठेवली होती. या वेळी पाणी फळीच्याही वर गेलं. शटर उघडलं तेव्हा पेटी चिखलात उलटी पडली होती आणि खातेवहीची वीट झाली होती. वडिलांनी ती उन्हात वाळत घातली. नंतर पान उलटायला गेलो तर कागदाचे पापुद्रेच हातात आले.

पंचनाम्यात एक ओळ: 'दुकानातील माल भिजून नुकसान'. शासनाची मदत नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार. आमचा माल नऊ लाखांचा गेला होता. उरलेल्यासाठी बँकेत गेलो तर पहिला प्रश्न: माल नऊ लाखांचा होता हे कशावरून?

तारलं ते जीएसटीच्या पोर्टलनं. आम्ही घेतलेल्या मालाची बिलं पुरवठादारांनी भरलेली, ती पोर्टलवरच्या २ए आणि २बी या खरेदीच्या तक्त्यांत महिनावार दिसत होती. त्यावरून सीएंनी खरेदी काढली, विक्री वजा केली आणि शिल्लक मालाचा दाखला दिला.

म्हणून कळकळीनं सांगतो. मे महिन्यात आगोटीला आपण मीठ, सुकी मासळी, लाकडं भरतो, तेव्हाच एक दिवस कागदांना द्या. भाडेकरार, गुमास्ता (दुकानाची नोंदणी), जीएसटीचे रिटर्न, विम्याची पॉलिसी, सगळ्याचे फोटो काढून गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवा. दुकानातल्या प्रत्येक फळीचाही एक फोटो घ्या. तयारी आपणच करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

पेठमापची_लेक

दादा, तुमच्या वडिलांची फळी वाचून पोटात तुटलं. पण तुमचं म्हणणं मला पटत नाही.

सातबारा सरकारकडे आहे. घरपट्टी नगरपरिषदेकडे, रिटर्न जीएसटी खात्याकडे, मतदारयादी तहसीलला. यातला एकही कागद मुळात आपल्या पेटीतला नाही. मग कंबरभर चिखलातून आलेल्या माणसानं त्याच्या झेरॉक्स का जोडायच्या? मदतीसाठी स्थानिक मतदारयादीत नाव हवं, रेशनकार्ड हवं. बाहेरून येऊन भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्याचा माल काय कमी भिजला?

आणि माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे तुमचं २बी त्याच्याकडे नसणारच. माझी आई घरी मसाले करून विकते. त्या पुरात तिची चाळीस किलो मिरची आणि मसाला कुटायचा डंख गेला. पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं, दुकान कुठे आहे? आई म्हणाली, हेच. पंचनाम्यात भांडी आली, अंथरुणं आली, मसाला आला नाही. आगोटीत तिनं कुठले कागद तयार ठेवायचे होते?

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, तुमचा राग रास्त आहे. तरी बँकेच्या टेबलाच्या पलीकडून दोन गोष्टी सांगतो, एकतीस वर्षं तिथे बसलो आहे.

पूर ओसरला की व्यापारी नव्या कर्जाच्या मागे धावतो आणि जुन्याचं विसरतो. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीएमध्ये, म्हणजे बुडीत धरलेल्या कर्जांत जातं, मग नवं प्रपोजल पुढे सरकत नाही. म्हणून पहिला अर्ज जुन्या कर्जाच्या फेररचनेचा, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून घेण्याचा द्या, पोच घ्या, नंतर नव्याकडे वळा.

दुसरं, तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत स्पष्ट होतं की पुरात तारणच नष्ट झालं असेल, तर केवळ नवं तारण नाही म्हणून मदत नाकारू नये. फेररचनेत किमान एक वर्ष हप्ता न भरण्याची सवलत होती. जमिनीचे कागद वाहून गेले असतील तर महसूल खात्याच्या दाखल्यावर कर्ज देता येत होतं. शाखेत हे कुणी आपणहून सांगत नाही, त्यामुळे अर्जातच लिहावं.

पण कागद आपल्याकडे नसतात, हे पूर्ण खरं नाही. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्ज) असलेला व्यापारी दरमहा बँकेला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा आकडा देतो. कित्येक जण मागच्या महिन्याचा आकडा तसाच पुढे लिहून देतात. पुरानंतर बँक तेच स्टेटमेंट काढते. तिथे चार लाख असतील तर तुमचे नऊ लाख कोण मानणार? ही चूक सरकारची नाही.

कृष्णाकाठचा_व्यापारी

सांगलीहून लिहितोय. तुम्ही सगळे कर्ज कसं मिळेल यावर बोलताय. माझे कागद चोख होते. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर महिन्याभरात कर्ज मंजूर झालं, शाखेत माझी फाईल दुसऱ्यांना दाखवायचे. २०२० ला लॉकडाऊन, जुलै २०२१ ला पुन्हा पाणी. पहिल्या पुराचं कर्ज फिटायच्या आत दुसरा पूर दुकानात आला. चोख फाईल होती म्हणूनच मी अडकलो. शेजारच्याला कागदाअभावी कर्ज नाकारलं होतं. त्यानं गाळा सोडून हातगाडी टाकली, आज त्याच्या डोक्यावर एक रुपया नाही.

कर्जाला मदत म्हणू नका. आगोटीतला तो एक दिवस विम्याला द्या. बँक सीसीच्या मालाचा विमा उतरवते, पण पॉलिसीवर पत्ता कुठला आहे, गोदाम धरलंय का, रक्कम किती, हे कधी वाचलंय का? माझ्या पॉलिसीत फक्त दुकान होतं. माल होता मागच्या गोदामात.

बाजारपेठ_चिपळूण

काका, हे वाचून गप्प बसलो. विम्याचं मी एका शब्दात उरकलं होतं, ते चुकलं. तरी कर्ज नसतं तर आमचं दुकान आज उघडं नसतं, तेव्हा कर्ज नकोच असं मला म्हणता येणार नाही.

करसल्लागार_रत्नागिरी

एक राहिलं. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करावं लागतं. बँकेला नऊ लाखांची यादी दिली आणि रिटर्नमध्ये क्रेडिट तसंच ठेवलं, तर पुढे नोटीस येऊ शकते.

आणि कृपा करून ओल्या वह्या उन्हात घालू नका. ओल्या असतानाच दिसेल तेवढ्याचा फोटो घ्या, पानांमध्ये कोरा शोषकागद घाला, सावलीत पंख्याखाली ठेवा. दुकान धुण्याआधी चिखलासकट फोटो काढा. जेसीबीनं गाळ उचलल्यावर पुरावाही त्याच्यासोबत जातो.

पेठमापची_लेक

शाखाधिकारी काका, आईसारखीनं मग काय दाखवायचं, तेवढं सांगा.

निवृत्त_शाखाधिकारी

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी करा, आधार आणि पॅनवर होते, पैसे लागत नाहीत. मिरची ज्याच्याकडून घेता त्याच्याकडून साध्या कागदावर का होईना, बिल घ्या. गिऱ्हाईक क्यूआरवर पैसे देत असेल तर ते खातं आईच्या नावावर हवं. वर्षभराचं तेच स्टेटमेंट तिच्या धंद्याचा पुरावा. ५० हजारांपर्यंतच्या शिशु मुद्रा कर्जाला तेवढं पुरतं, असा माझा अनुभव आहे.

पेठमापची_लेक

क्यूआर भावाच्या खात्यावर आहे. सोमवारी आईला घेऊन बँकेत जाते. पण मसाला पंचनाम्यात का आला नाही, हे मी तहसीलला लेखी विचारणार आहे. २०२१ लाच विचारायला हवं होतं.