ओळखीतला क्लायंट, पाच पानांची साइट आणि आता "त्यातच ऑनलाइन विक्री पण टाक"

सांगलीकर_पिक्सेल
नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा. मी सांगलीत घरूनच फ्रीलान्स वेब डिझाइन करतो, आधी पुण्यात एका एजन्सीत होतो. बाबांचे एक मित्र हळदीचे व्यापारी आहेत, त्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो. त्यांची वेबसाइट ४० हजारात ठरली, पाच पानं, मराठी-इंग्रजी दोन्ही आणि चौकशीचा फॉर्म. कोटेशन मेलवर गेलेलं, १० हजार ॲडव्हान्स पण आला. फिग्मात डिझाइन दाखवलं, पसंत पडलं, वर्डप्रेसवर बांधून टेस्ट लिंकवर चढवलं.

आता काकांचा मुलगा म्हणतो, "दादा, पावडरची पाकिटं पण विकायचीयेत, त्यातच एक बाय नाऊचं बटण टाक ना." रात्री अकराला व्हॉइस नोट येते की लोगो मोठा कर, दुसऱ्या दिवशी पिवळा रंग जास्त झालाय म्हणे (हळदीची साइट आहे हो!). मजकूर मागितला तर प्रिंटरकडची माहितीपत्रकाची श्रीलिपीतली (छपाईवाल्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) फाइल आली, माझ्याकडे उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. फोटो व्हॉट्सॲपवरचे, फाटलेले. आणि पैशाचं काढलं की "अरे घरचंच काम आहे, साइट पूर्ण होऊ दे, मी काय पळून चाललोय का". बाबा म्हणतात सबुरीनं घे. पण पूर्ण झाली हे ठरवणार कोण? बटणाचे वेगळे पैसे कसे मागू की काका दुखावणार पण नाहीत?

यूआयवाली_पुणे
आधी डोक्यातून काढ की ते बटण आहे. ते दुकान आहे. वूकॉमर्स, म्हणजे वर्डप्रेसमधली दुकानाची सोय, टाकणं सगळ्यात सोपा भाग, त्यापुढे पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी कंपनी) काकांच्या फर्मचं केवायसी, पॅन, बँक खातं, साइटवर रिफंड आणि शिपिंगची पॉलिसी लिहिलेली लागते, नाहीतर गेटवेवाले अकाउंट चालूच करत नाहीत. खायची वस्तू आहे म्हणजे एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा, लायसन्स नंबर हवा. कुरिअर कोण, पाव किलोच्या पाकिटाला किती घ्यायचे, पाकीट फुटून आलं तर कुणी भरायचं, ऑर्डर आली की रोज बघणार कोण? हे सगळे प्रश्न तू त्या मुलाला विचार, एकदम प्रेमानं. निम्म्या वेळा तो स्वतःच म्हणतो की राहू दे, सध्या व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊ. ते व्हॉट्सॲपचं बटण तू खरंच त्यातच टाकून दे, दहा मिनिटांचं काम आहे, आणि केलंस ते बोलून पण दाखव.

काकांना लेखी असं काहीतरी टाक: "काका, ठरलेली पाच पानं टेस्ट लिंकवर तयार आहेत. मजकूर आणि फोटो या शनिवारपर्यंत द्या, आले नाहीत तर आहे त्यावर साइट चालू करतो, नंतर बदलता येईल. बदल सगळे एकत्र लिहून द्या, दोन वेळा मी असेच करून देतो. ऑनलाइन विक्रीचं कोटेशन वेगळं पाठवतो, ते पुढच्या टप्प्यात घेऊ." यात नाही हा शब्द कुठेच नाही. आणि बोलणारा एकच माणूस ठरवून घे, काका किंवा मुलगा, भाचे-जावई नकोत.

हिशेबाची_वही
पैशाच्या बाजूनं सांगतो. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलंयस का? ऑनलाइन होतं, फुकट आहे, आधार आणि पॅनवर. सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असा २००६ च्या एमएसएमई कायद्यात नियम आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून वर इन्कम टॅक्सचंही कलम आलंय, मुदतीत दिलं नाही तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत व्यापाऱ्याला तो खर्च दाखवता येत नाही. त्यामुळे त्यांचे सीए मार्चमध्ये स्वतःच विचारतात की कुणाचं देणं बाकी आहे. रजिस्ट्रेशननंतरच्या कामालाच याचा उपयोग, म्हणून आजच करून टाक.

अजून एक, ऑनलाइन दुकानाचं काम धरून तुझं वर्षाचं बिल ५० हजाराच्या वर गेलं तर टीडीएस (आधीच कापलेला इन्कम टॅक्स) कापून पैसे येऊ शकतात, कमी आले म्हणून भांडायला जाऊ नकोस, तुझ्या पॅनवर जमा दिसतोय का तेवढं बघ.

यूआयवाली_पुणे
@हिशेबाची_वही माहिती बरोबर आहे पण बाबांच्या मित्राला चक्रवाढ व्याज दाखवायचं? सांगली सोडावी लागेल त्याला 😄

हिशेबाची_वही
दाखवायचं कशाला, बिलाच्या तळाला उद्यम नंबर छापायचा. वाचणारा वाचतो.

कराडचा_दुकानदार
मी दुसऱ्या बाजूचा, माझ्या दुकानाची साइट करून घेतलीय. आम्हाला "पाच पानं" म्हणजे काय ते कळत नाही राव. टेस्ट लिंक मोबाईलवर आली, मला वाटलं अजून ट्रायलच चाललंय, मी उघडूनही बघितली नाही. आमचा डिझायनर शहाणा, लॅपटॉप घेऊन गल्ल्यापाशी येऊन बसला, एकेक पान दाखवून विचारलं, शेठ हे चालेल का, आणि जिथं हो म्हटलं ते तिथंच कागदावर लिहून सही घेतली. तासात मिटलं. रात्रीच्या व्हॉइस नोटचं म्हणाल तर आमचं दुकान नऊला बंद होतं, त्यानंतरच डोकं चालतं, तुम्ही सकाळी उत्तर द्या ना, कोण रागावतंय. आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, माझ्या नावावर आहे की त्याच्या हे मात्र आधी सांगा. माझ्या मेव्हण्याचं डोमेन डिझायनरच्या नावावर होतं, तो दुबईला गेला आणि फोन उचलेना.

सांगलीकर_पिक्सेल
डोमेन काकांच्याच नावावर घेतलंय, त्यांच्याच ईमेलवर.

बाकी, काल दुकानात जाऊन बसलो. काकांनी टेस्ट लिंक खरंच उघडलेली नव्हती! सगळी पानं बघितली, पिवळ्याबद्दल चकार शब्द नाही, तो आक्षेप भाच्याचा होता म्हणे. २० हजार लगेच जीपे केले, उरलेले चालू झाल्यावर. मुलाला कुरिअरचे प्रश्न विचारले तर तो म्हणाला दिवाळीनंतर बघू, सध्या व्हॉट्सॲपचं बटण. आता श्रीलिपीचं सांगा कुणीतरी, सगळं परत टाइप करायचं का?

जोडाक्षर
टाइप नको करू. प्रिंटरला सांग मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही उघडला तरी मराठीच दिसेल असा, काढून दे, श्रीलिपीच्या नव्या आवृत्तीत ती सोय असते. नाहीच दिला तर नेटवर कन्व्हर्टर आहेत, पण फॉन्ट नेमका कुठला ते आधी विचार, सगळ्यांची जुळणी सारखी नसते. नंतर डोळ्यांनी वाच, रफार सरकतो, ऱ्हस्व इकार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि "व्यापाऱ्यां"मधला ऱ्या हमखास बिघडतो. वेबसाठी 'मुक्त' नावाचा फॉन्ट घे, फुकट आहे, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा. मराठी पानांना भाषेचा टॅग हिंदी नाही मराठीच लाव, फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, मग फाटत नाहीत.