सवत नसताना 'सावत्र' कशी? (हिमगौरीच्या निमित्ताने)

कैरीपन्हं:
दिवाळी अंकासाठी एक गोष्ट लिहायला घेतलीय, हिमगौरीचीच, पण वेगळ्या अंगाने. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत ती दुष्ट राणी सावत्र नाहीच्चे, सख्खी आई आहे. म्हणजे जिच्या बोटात सुई टोचून बर्फावर रक्ताचे तीन थेंब पडतात आणि जी अश्शी गोरी, अश्शी लाल, अश्शी काळीभोर पोर होऊ दे म्हणते, तीच पोर सात वर्षांची झाल्यावर शिकाऱ्याला तिचं काळीज काढून आणायला सांगते. १८१९च्या आवृत्तीत मात्र आई बाळंतपणात मेली आणि राजाने दुसरं लग्न केलं.

माझी गोष्ट या बदलाचीच आहे. राजवाड्यातल्या दाया, स्वयंपाकिणी यांना सख्ख्या आईने असं केलं हे तोंडाने म्हणवत नाही, म्हणून सगळे हळूहळू तिला सावत्र म्हणायला लागतात, आणि शेवटी पोरीलाही तेच खरं वाटतं. मी लिहिलं, 'लोकांनी तिला सावत्र केलं.' खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने समासात लिहिलं, 'सवत कुठाय? विमाता लिही.' आता विमाता लिहिलं की आरसा कीर्तनकारासारखा बोलायला लागणार. काय करू?

दर्भासन:
मैत्रीण बरोबर आहे. सवत हा शब्द सपत्नीवरून आलाय, एकाच नवऱ्याच्या दोघी, आणि सावत्र त्याच घराण्यातला. नुसतं सपत्न म्हणजे संस्कृतात शत्रू. गीतेत दुसऱ्या अध्यायात अर्जुन 'असपत्नमृद्धं राज्यं' म्हणतो ते बिनशत्रूचं, निष्कंटक राज्य. तेव्हा सावत्रपण म्हटलं की दोघी नांदत्या हव्यात. ध्रुवाची सुरुची सावत्र, कारण सुनीती जिवंत आहे. रामाची कैकेयी सावत्र, कारण कौसल्या जिवंत आहे. पहिली गेल्यावर आलेली ती विमाता. शब्द सोपा वाटावा म्हणून अर्थ वाकवू नये.

खटारा:
मग सावत्र बाप कोणाची सवत हो काका?

दर्भासन:
तो प्रयोग इंग्रजीच्या नादाने आलेला दिसतो.

खटारा:
आमच्या गावात इंग्रजीचा नाद कोणाला नव्हता, तरी सावत्र बाप होते. आणि पेपरात दर अधिवेशनाला अमुक विभागाला सापत्न वागणूक म्हणून छापून येतं, तिथे कोण कोणाची सपत्नी असते? शब्द घराबाहेर पडून फिरायला लागला की त्याला आईबाप विचारत नाहीत. मुळात १९५५च्या कायद्यानंतर हिंदूंमध्ये पहिली असताना दुसरी करताच येत नाही, मग तुमच्या हिशेबाने सावत्र शब्द तेव्हाच मोडीत काढायला हवा होता.

उंबरठा:
दर्भासन, तुमचं एक चुकतंय, पहिली मेली म्हणजे सवत संपली असं नव्हतं. आमचे पणजोबा बिजवर. पणजीच्या गळ्यात काळ्या मण्यांबरोबर एक छोटा चांदीचा टाक असायचा, तो पहिलीच्या नावाचा. सणाला आधी तिला नैवेद्य, नवी साडी आणली की आधी तिच्यापुढे ठेवायची आणि मग नेसायची, नाहीतर ती त्रास देते म्हणायचे. ही सवत नाही तर काय? उलट जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. पहिलीची मुलं मात्र पणजीला मावशी म्हणत, कारण ती खरोखरच मावशी, पहिलीची पाठची बहीण. सावत्र हा शब्द आमच्या घरात उच्चारला की पाठीत धपाटा बसायचा.

कैरीपन्हं:
टाक! हे गोष्टीत जाणार नाही, जर्मन राणीच्या गळ्यात टाक शोभायचा नाही, पण डोक्यात राहिलं.

श्वार्झवाल्ड:
जर्मनीत राहतो म्हणून चार आणे टाकतो. जर्मनमध्ये सावत्र आईला श्टीफमुटर म्हणतात, त्यातल्या श्टीफचा सवतीशी काही संबंध नाही. इंग्रजीतला स्टेप त्याचाच भाऊ, जिन्याची पायरी नव्हे, आणि जुन्या इंग्रजीत त्या शब्दाने अनाथ पोर सांगायचे. म्हणजे त्यांचा शब्द मुलाकडून निघतो, याचं कोणीतरी गेलंय. आपला शब्द बायकांच्या भांडणातून निघतो. तुमच्या गोष्टीत आई मेलेलीच नाही, म्हणजे पोर अनाथ नाही आणि राणी सवत नाही, दोन्ही भाषांचे शब्द खोटेच पडतात. मला तर हेच जमून आल्यासारखं वाटतं. खोटा शब्दच लिहा, लोकांनी खोटंच केलंय ना.

खटारा:
+१. आणि दाया काही विमाता म्हणणार नाहीत.

पाटावरवंटा:
माझ्या मते सवत हा सवता वरूनच आला असणार. सवता सुभा मांडणे, सवतं राहणे. दोन बायका झाल्या की चुली सवत्या होणारच, आमच्याकडे आजी म्हणायची, धाकटा सवता झाला. सपत्नी वगैरे नंतर पंडितांनी चिकटवलं.

दर्भासन:
सवता हा स्वतः वरून. कृपया.

पाटावरवंटा:
कृपया काय, स्वतः मधला विसर्ग कुठे गेला मग?

खटारा:
सावता माळ्याकडे.

रिकामटेकडी:
मूळ मुद्दा सोडून एक विचारते, बुटके शब्द आता बरा वाटतो का? मुलीला गोष्ट सांगताना अडखळले. ठेंगू त्याहून वाईट, बुटबैंगण तर शिवीच. गोष्टीत ते डोंगरात धातू खणणारे कामकरी आहेत, सात खाणकरी म्हटलं तर? आणि हिमगौरीतली गौरी म्हणजे शेवटी गोरीच ना, आरशाने गोरेपणाचीच स्पर्धा लावलीय.

उंबरठा:
गौरी म्हणजे भाद्रपदात येतात त्याही. आणि हिमालयाची लेक. ज्याने कोणी हे नाव मराठीत पहिल्यांदा योजलं त्याला सलाम.

दर्भासन:
पार्वती आधी काळी होती, तप करून गौरी झाली, अशी पुराणकथा आहे. तेव्हा गौरी म्हणजे गोरी इतकं सरळ नाही.

रिकामटेकडी:
काळीची गोरी झाली यात माझंच म्हणणं खरं ठरलं की.

कैरीपन्हं:
मंडळी, अंकाला गोष्ट द्यायचीय. 'लोकांनी तिला सावत्र केलं' ठेवतेय. पण आता दुसरंच अडलं. पोर शेवटी आईला लग्नाला बोलावते, तिथे तापलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचवतात. हाक काय मारेल ती, आई, आईसाहेब की राणीसाहेब?

पाटावरवंटा:
विसर्गाचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

श्वार्झवाल्ड:
बूट म्हणू नका, लोखंडी सपाता म्हणा. मुळात पायात सरकवायच्या सपातांसारखं काहीतरी आहे, नाडीचे बूट नाहीत.

खटारा:
सपाता म्हटल्यावर आजच्या पोरांना काय कळणार, स्लीपर लिहा.

दर्भासन:
स्लीपर?!