चाळीस वर्षांचा संसार, दोन माळे आणि हातात फक्त रविवार

रविवारचा_पाहुणा (प्रश्न)

आमची कोथरूडमधील १९८४ सालची इमारत पुनर्विकासाला गेली असून नोव्हेंबरअखेर सदनिका रिकामी करून द्यायची आहे. तेथे आई (वय ७८) एकटी राहते. मी ठाण्यात नोकरीला असल्यामुळे मला फक्त रविवार मिळतो, म्हणजे मोजून १५ दिवस. गेल्या रविवारी उत्साहाच्या भरात मी स्वयंपाकघरावरचा सगळा माळा एका दमात खाली उतरवला : पितळी घंगाळ, तांब्याचा बंब, कल्हई गेलेली पातेली, सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे, ११ गोधड्या, बंद पडलेला मिक्सर आणि त्याच्या खोक्यात जपून ठेवलेले, त्याच्याही आधीच्या मिक्सरचे वॉरंटी कार्ड. दुपारी चारपर्यंत निम्मेही पाहून झाले नाही, आईला ओट्यापर्यंत जायला वाट उरली नाही, आणि प्रत्येक वस्तूवर "असू दे, लागतं कधीतरी" हेच उत्तर ऐकून रात्री साडेअकराला मी सर्व सामान जसेच्या तसे वर चढवले. काम थोडे थोडे करावे हे मलाही कळते. पण त्याचे तुकडे कसे पाडावेत, खोलीनुसार, वस्तूंनुसार की वेळेनुसार?

जुनी_फडताळे

खोली हा तुकडा फार मोठा आहे आणि माळा तर सर्वांत शेवटी घ्यायचा असतो, कारण तेथे नेमक्या त्याच वस्तू असतात ज्यांच्याबद्दल निर्णय न झाल्यामुळे त्या वर गेल्या. एक डबा, एक खण किंवा एक ट्रंक एवढेच काम धरावे. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर एकच डबा रिकामा करावा आणि तो मिटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. मिटला याचा अर्थ त्यातले नको असलेले सामान घराबाहेर गेले, असा घ्यावा; "द्यायच्या वस्तू" असे लिहिलेली पिशवी दाराआड चार महिने उभी राहिली तर तुम्ही फक्त पसाऱ्याची जागा बदललेली असते. म्हणून रद्दीवाला आणि भंगारवाला यांना रविवारी पाचची वेळ आधीच देऊन ठेवावी. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था जुने कपडे, फर्निचर आणि ई-कचरा गोळा करण्याचे उपक्रम घेते. आपल्या भागातली तारीख विचारून घ्यावी.

क्रम हवामान पाहून लावावा. सध्याच्या दमट हवेत गोधड्या आणि पुस्तके खाली काढलीत तर त्यांना बुरशी आणि वास दोन्ही लागतील. ती ऑक्टोबरच्या उन्हावर सोडावीत. नवरात्राआधी आपल्याकडे 'दसरा काढतात' तोही एका दिवसात निघत नसे. आमच्या आजोळी एक दिवस अंथरुणे, एक दिवस भांडी आणि एक दिवस जळमटे असे वार ठरलेले असत. तोवर औषधांचा डबा, सिंकखालचे कपाट आणि प्लॅस्टिकच्या डब्यांचा खण उरकावा. तेथे आठवणी अडकलेल्या नसतात, त्यामुळे हात सुटतो.

कागदपत्री

वरील मताशी सहमत आहे, फक्त कागदांचा दिवस पूर्णपणे वेगळा ठेवावा, कारण थकलेल्या हातून कागद नेहमी चुकीच्या गठ्ठ्यात जातो. माझ्या हातून सासऱ्यांच्या लाभांशाच्या जुन्या पावत्या रद्दीत गेल्या आणि पुढे कोणकोणत्या कंपन्यांचे शेअर होते हे शोधण्यात दीड वर्ष गेले. पहिल्या फेरीत काहीही वाचू नये. खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा 'इंडेक्स टू' हा उतारा), सोसायटीचे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), विम्याच्या पॉलिसी, बँकेची पासबुके आणि कंपन्यांची कागदी शेअर प्रमाणपत्रे एवढेच एका पेटीत टाकावे. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नसेल तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे जातात. तरीही वारसांना ते परत मागता येतात. दहा वर्षे व्यवहार नसलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले आहे. एखादे रुमाल बांधलेले मोडी दप्तर निघालेच तर रद्दीत घालण्यापूर्वी भारत इतिहास संशोधक मंडळात जाणकारांना दाखवावे.

तांबट_आळीची_लेक

तुमची खरी अडचण माळ्याची नसून प्रश्न विचारण्याच्या पद्धतीची आहे, असे मला वाटते. "हे टाकू का?" असे विचारले की आई नाहीच म्हणणार. "हे कोणाला द्यायचं?" असे विचारून पाहा, वस्तू आपल्या हाताने देण्यात आणि डोळ्यांदेखत भंगारात जाण्यात त्यांच्या दृष्टीने फार अंतर आहे. एका बैठकीत पाचच वस्तू त्यांच्यापुढे ठेवाव्यात आणि त्याही सकाळी, जेवणाआधी. पितळ मोडीत घालायचे असेल तर लोखंडी कड्यांचे वजन वजा होते हे लक्षात ठेवून घरीच वजन करून न्यावे. दोन-तीन भांडी मात्र कल्हई करून वापरात आणा, म्हणजे बाकीच्यांना निरोप देणे त्यांना सोपे जाईल.

रविवारचा_पाहुणा

सर्वांचे आभार. तीन रविवार झाले. पहिल्या दिवशी फक्त औषधांचा डबा घेतला. त्यात २०११ साली मुदत संपलेले खोकल्याचे औषध निघाले आणि ते टाकताना आईनेही हरकत घेतली नाही. दुसऱ्या रविवारी सिंकखालचे कपाट आणि दोन खण झाले, पाच वाजता भंगारवाला आला आणि मिक्सर, दोन इस्त्र्या व पंख्याची पाती घेऊन गेला. काल पाच भांडी टेबलावर मांडून "कोणाला द्यायचं?" असे विचारले. आईने चार नावे पटापट सांगितली, त्यांतली दोन माणसे हयात नाहीत, म्हणून ती भांडी त्यांच्या सुनांकडे जातील असे ठरले. पाचवा बंब होता. तो कोणालाही द्यायचा नाही, मोडीतही घालायचा नाही आणि ठाण्याच्या माझ्या घरी तो ठेवायला जागा नाही. सध्या तो बाल्कनीत आहे आणि आईने त्याला चिंच लावून घासायला घेतले आहे. भाड्याच्या घरात जाताना त्याची सोय कशी करावी, हे कोणी सांगू शकल्यास बरे होईल.