बुडाशी लाल पानांची ही दुधी कोणती?

प्रश्न
आमच्या सोयाबीनच्या बांधावर यंदा श्रावणापासून गुडघाभर उंचीचे एक रानरोप माजले आहे. पान तोडताच पांढरा चीक येतो. खालची पाने साधी व लांबट आहेत, त्यावरची मध्यभागी आवळलेली, सारंगीसारखी आहेत आणि शेंड्याजवळच्या झुपक्यातील पानांचे बूड कुंकवाचे बोट उमटल्यासारखे लाल आहे. आई म्हणते, अंगणातल्या पॉइन्सेटियाचे बी पडले असावे. शेजारीच तशीच, पण बुडाशी फिकट हिरवी-पांढरी पाने असलेली रोपेही आहेत. ही एकच जात समजावी का?

प्रतिसाद १
पॉइन्सेटिया नक्कीच नव्हे. ते अनेक वर्षे टिकणारे झुडूप असून त्याची शेंड्याकडची पाने हिवाळ्यात पूर्ण लाल होतात, तर आपले रोप वर्षायू आहे. वर्णनावरून लाल बुडाचे रोप यूफोर्बिया सायाथोफोरा आणि फिकट बुडाचे यूफोर्बिया हेटेरोफायला वाटते. दोन्ही एरंड कुलातील आणि मूळची उष्ण अमेरिकेतील. दुसरीला १७५३ मध्ये लिनियसने दिलेल्या नावाचा अर्थच ‘निरनिराळ्या पानांची’ असा असला, तरी पानांचा हा बहुरूपीपणा दोघींतही आढळतो. त्यामुळे पानांच्या आकारावर विसंबू नये.

खात्रीसाठी शेंड्यावरच्या हिरव्या, इवल्या पेल्याकडे भिंगातून पाहावे. लोक त्याला फूल म्हणतात, पण तो एक अख्खा फुलोरा असतो: मधोमध देठावर एक मादीफूल आणि भोवती एकेका पुंकेसराची नरफुले. पेल्याच्या कडेला मधाची ग्रंथी असते. तिचे तोंड दोन ओठ मिटल्यासारखे चपटे असेल तर सायाथोफोरा. वाटीसारखे गोल असेल तर हेटेरोफायला.

प्रश्नकर्ता
आज सकाळी पाहिले. लाल बुडाच्या रोपांवर ग्रंथीचे तोंड चपटे आहे, फिकट रोपांवर गोल. मात्र एका रोपाच्या पानांच्या बुडाशी जांभळट ठिपके असूनही तोंड गोलच आहे.

प्रतिसाद १
मग तेही हेटेरोफायलाच. तिच्या पानांवर असे ठिपके कधीकधी येतात, म्हणूनच रंगापेक्षा ग्रंथीचा पुरावा मोठा मानायचा.

प्रतिसाद २
ओळख पटली असेल, तर फिकट बुडाच्या रोपांकडे आधी लक्ष द्या, कारण सोयाबीनमध्ये हेच तण अधिक त्रासदायक ठरते. जुन्या यादीत ते यूफोर्बिया जेनिक्युलाटा या नावाने सापडेल. तीन कप्प्यांचे फळ वाळले की तडकून बी दूर उडते, म्हणून फळे हिरवी असतानाच खुरपणी उरकावी. उपटताना हातमोजे घालावेत आणि चिकाचा हात डोळ्यांना लावू नये. लाल बुडाची दोन-चार रोपे शोभेसाठी ठेवायची असतील, तर ती बांधावर नको, अंगणातल्या कुंडीत ठेवावीत.